सेंटर-फॉरवर्डची नोकरी

आपल्याकडे खेळाडूचें चरित्र म्हटलें कीं तें क्रिकेट खेळणाऱ्याचेंच असावयाचें, हें आतां इतकें गृहीत धरलेलें आहे कीं त्याविषयीं कोणी तक्रारही करीत नाहीं. क्रिकेटपटूनें बॅट खालीं ठेवली कीं थोड्याच दिवसांत त्याच्या आठवणींचें पुस्तक तयार होतें, आणि आमच्यासारखे मास्तर लोकही तें विकत घेऊन वाचतात. मल्लाचें चरित्र क्वचित् लिहिलें जातें. फुटबॉल खेळणाऱ्याचें मात्र (कोल्हापूरकरांनीं आम्हांस क्षमा करावी) मराठी घरांत सहसा नांवही निघत नाहीं. निघालेंच तर तें ब्राझीलच्या, अर्जेंटिनाच्या नाहीं तर पोर्तुगालच्या खेळाडूचें. आमच्या वर्गांतील कित्येक मुलांच्या पाठीवर असलीं परदेशी नांवें मोठ्या अक्षरांत छापलेलीं असतात, आणि वर्गांत मागें उभें राहून पाहिलें तर एखाद्या आंतरराष्ट्रीय संघापुढें आपण इंग्रजी कविता शिकवीत आहों असा भास होतो. एकदां आम्हीं फळ्यावर 'नेव्हिल डिसूझा' असें लिहिलें, तेव्हां पहिल्या बांकावरील एका मुलीनें हा कोणी कादंबरीकार काय, असा प्रश्न विचारला. प्रश्न तसा गैर नव्हता. तास कादंबरीचाच होता.

नेव्हिल डिसूझा हा १९३२ सालचा. कुटुंब गोमंतकीय, वाढणें मुंबईंतलें. ज्या न्हावा शेव्याच्या किनाऱ्यावर बसून आम्ही हें लिहीत आहों, तेथें त्या काळीं मिठागरें, भातखाचरें आणि कोळ्यांच्या होड्या ह्यांवांचून फारसें कांहीं नव्हतें. येथल्या माणसास मुंबईस जावयाचें म्हणजे मोऱ्यास जाऊन भाऊच्या धक्क्याची लाँच गांठावी लागे. खाडीच्या पलीकडे कूपरेजच्या मैदानावर १८९१ पासून चालत आलेले रोव्हर्स करंडकाचे सामने होत, हारवुड लीग चाले, आणि गोऱ्या पलटणींनीं रुजविलेल्या त्या खेळांत गोमंतकीय, कानडी, मद्रासी, इराणी आणि क्वचित् एखादा मराठी मुलगा रंगून जाई. नेव्हिल टाटांच्या संघाकडून खेळे, मुंबईकडून खेळे, आणि त्याची जागा आघाडीच्या फळींत अगदीं मधोमध असे. त्या वेळच्या भाषेंत त्यास सेंटर-फॉरवर्ड म्हणत. ह्या जागेवरच्या माणसाचें काम सांगावयास सोपें आहे: दहा जणांच्या खटपटीनें चेंडू जेथवर आला असेल तेथून तो जाळ्यांत घालावयाचा. तो घातला तर नांव त्याचें, चुकला तर दोष त्याचा. एरवीं नव्वद मिनिटांपैकीं ऐंशी मिनिटें हा मनुष्य नुसता वाट पाहत असतो, आणि दोन धिप्पाड गडी त्याच्या अंगास अंग लावून उभे असतात.

१९५६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरांत मेलबर्न येथें ऑलिंपिकचे खेळ भरले. फुटबॉलसाठीं येऊं म्हणणाऱ्या संघांपैकीं कित्येकांनीं ऐन वेळीं अंग काढून घेतलें. हंगेरींत त्या महिन्यांत रशियन रणगाडे फिरत होते. त्यांचा फुटबॉलचा संघ आला नाहीं, आणि भारतास पहिल्या फेरींत पुढें चाल मिळाली. १ डिसेंबर रोजीं गांठ पडली ती खुद्द यजमान ऑस्ट्रेलियाशीं. नवव्या मिनिटास नेव्हिलनें गोल केला. सतराव्या मिनिटास ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोनें बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटास नेव्हिलचा दुसरा गोल. एकेचाळिसाव्या मिनिटास मॉरोचाही दुसरा. मध्यंतरास दोन-दोन. हे आंकडे आम्ही मुद्दाम मिनिटांसकट देत आहों, कारण कवितेप्रमाणें सामन्यासही एक छंद असतो आणि तो असा मिनिटांतूनच ऐकूं येतो. नेव्हिल, मॉरो, नेव्हिल, मॉरो: फडावर दोन शाहिरांचा सवाल-जवाब चालावा तसा हा पाऊण तास गेला आहे. मध्यंतरानंतर पन्नासाव्या मिनिटास नेव्हिलनें तिसरा सवाल टाकला आणि त्यास मॉरोपाशीं जवाब नव्हता. ऐंशीव्या मिनिटास कृष्णा किट्टूनें चौथा गोल केला. सामना ४-२ असा भारताचा झाला. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्यें एका सामन्यांत तीन गोल करणारा पहिला आशियाई खेळाडू म्हणून नेव्हिलचें नांव घेतात तें ह्या पन्नास मिनिटांमुळें.

ह्या विजयाचें वजन कळावयास चार वर्षें मागें जावें लागतें. १९५२ सालीं हेलसिंकी येथें भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. त्याच्या आधीं १९४८ सालीं लंडनमध्यें अनवाणी पायांनीं फ्रान्सशीं २-१ असा चुरशीचा सामना दिल्याचें कौतुक झालें होतें खरें, पण हेलसिंकीच्या थंडींत युगोस्लाव्हियानें आपणांस १०-१ असें झोडपलें, आणि त्यानंतर बूट घालणें सक्तीचें झालें. आपल्या समाजांत एखादी सुधारणा व्हावयास दहा गोल खावे लागतात, ह्यांत आश्चर्य तें काय! मेलबर्नच्या संघास शिकविणारे सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे. धंदा शिक्षकाचा. एका शाळामास्तरानें आपल्या देशाच्या संघास ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीपर्यंत नेलें, ही गोष्ट आम्ही शिक्षकांच्या सभेंत वेळीं अवेळीं सांगत असतों. त्यावर टाळ्या पडतात, पण वेतनवाढीच्या मागणीवर पडतात तितक्या नाहींत. १९६२ सालीं जाकार्ता येथें आशियाई सुवर्णपदक मिळवून देऊन पुढच्याच वर्षीं रहीम कर्करोगानें वारले.

उपांत्य सामना ४ डिसेंबरास पुन्हां त्याच युगोस्लाव्हियाशीं पडला. पहिला अर्ध कोरा गेला. दुसरा अर्ध सुरू होतो न होतो तोंच गोल झाला, आणि तोही नेव्हिलचा. भारत एक, युगोस्लाव्हिया शून्य. ही स्थिति दोन-तीन मिनिटेंच टिकली असली, तरी जगांतल्या उत्तम संघांपैकीं एकास मागें टाकून ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर आपण तेवढीं मिनिटें उभे होतों. पुढें युगोस्लाव्हियानें चार गोल चढविले. त्यांतला शेवटचा तर आपल्याच खेळाडूच्या पायांतून आपल्याच जाळ्यांत गेला. तिसऱ्या जागेसाठीं झालेल्या सामन्यांत बल्गेरियानें आपणांस ३-० असें हरविलें. चौथा नंबर. भारतीय फुटबॉलनें ऑलिंपिकमध्यें एवढी मजल त्यापूर्वीं मारली नव्हती, त्यानंतरही मारलेली नाहीं. नेव्हिलचे चार गोल झाले. युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव ह्यांचेही चारच, आणि सर्वांत जास्त गोल करणाऱ्यांत हीं तीन नांवें एका ओळींत छापलीं गेलीं.

येथवर आम्ही वर्गांत सांगत आलों तेव्हां मागच्या बांकावरून प्रश्न आला, "सर, त्याला पगार कोन द्यायचा?"

वर्ग हंसला. आम्हांस हंसूं आलें नाहीं, कारण विचारणारा कोण आहे हें आम्हांस ठाऊक होतें. हा मुलगा जवळच्याच गांवचा, डाव्या पायानें खेळणारा, आणि त्याचा खेळ आम्हीं एकदां नव्हे अनेकदां पाहिलेला. त्याच्या आजोबांचें भाताचें शेत बंदराच्या संपादनांत गेलें; वडील ट्रेलर चालवितात; घरांत प्रकल्पग्रस्ताचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून कपाटांत देवांच्या तसबिरींशेजारीं ठेवलेला आहे. मुंबईच्या एका संघानें त्यास सरावास बोलाविलें होतें. मानधन म्हणून जें मिळावयाचें तें येण्याजाण्याच्या खर्चासही पुरतें ना. त्याच आठवड्यांत एका कंटेनर यार्डांत माल मोजून नोंदण्याच्या कामासाठीं त्याचें नांव लागलें. "बापूस बोलतो नोकरी धर, पन मना खेलाचा हाय," असें तो आम्हांस तासानंतर जिन्यांत म्हणाला. तेव्हां 'पगार कोण द्यायचा' हा त्याचा प्रश्न इतिहासाचा नव्हता.

त्या प्रश्नाचें सरळ उत्तर असें कीं नेव्हिलला पगार टाटा देत. फुटबॉल खेळण्याबद्दल नव्हे, नोकरी करण्याबद्दल. मुंबईच्या फुटबॉलची सारी इमारत कित्येक दशकें ह्या एका सोयीस्कर कल्पनेवर उभी होती. टाटा, बर्मा शेल, कॅल्टेक्स, पुढें मफतलाल आणि ऑर्के ह्या गिरण्या, दोन्ही रेल्वे, एअर इंडिया, बँका, चेंबूरचा खतांचा कारखाना, महिंद्र ह्या सर्वांचे संघ होते. ह्यांपैकीं कॅल्टेक्सनें तर १९५८ सालीं कलकत्त्याच्या व हैदराबादच्या नामांकित संघांचा डोळा असलेला रोव्हर्स करंडकच पटकावला. ज्या कंपन्यांचा धंदा रॉकेल विकण्याचा किंवा कापड विणण्याचा, त्या चांगला सेंटर-फॉरवर्ड कोठें आहे ह्याची बातमी ठेवीत, त्यास बोलावून नेत, आणि हजेरीपटावर कारकून, भांडारपाल किंवा मदतनीस म्हणून त्याचें नांव चढवीत. सकाळीं सराव, दुपारीं कचेरी. सामना असेल त्या दिवशीं अर्धी रजा, दौऱ्यास पगारी रजा. साहेबास खेळाचा नाद असला तर बढती लौकर, नसला तर टोमणे. पण ह्या व्यवस्थेचा खरा गाभा पुढेंच आहे. तिशी उलटून गुडघा बोलूं लागला, संघांतून नांव गळालें, तरी खुर्ची गळत नसे. ज्या टेबलाशीं तो पूर्वीं अर्धा दिवस बसे त्याच टेबलाशीं आतां पूर्ण दिवस बसूं लागे. भविष्य निर्वाह निधि, मुलांच्या शाळेची सोय, औषधपाणी आणि निवृत्तीच्या वयापर्यंत महिन्याच्या महिन्यास पगार हीं सारीं त्यास शेजारच्या टेबलावरील, जन्मांत चेंडूस पाय न लावलेल्या, कारकुनासारखींच मिळत.

ह्या पद्धतीस नांवें ठेवणें सोपें आहे, आणि जाणत्यांनीं ठेवलेलीं आहेत. नोकरी सांभाळून खेळणारा मनुष्य पूर्णवेळ खेळणाऱ्याच्या बरोबरीनें धांवूं शकत नाहीं. कचेरीच्या वेळापत्रकांत स्नायूंस विश्रांतीचा रकाना नसतो. साठ सालानंतर जगाचा खेळ जेथें गेला तेथें आपला गेला नाहीं, ह्याचें एक कारण हें आहेच. तरीही आमचें मत असें कीं ज्या समाजांत खेळ हें मुलगा वायां गेल्याचें पहिलें लक्षण समजतात, त्या समाजांत आईबापांची समजूत घालण्याचें काम ह्या कंपन्यांच्या नेमणूकपत्रांनीं जेवढें केलें तेवढें कोणत्याही पदकानें केलें नाहीं.

आमचा धंदा इंग्रजी वाङ्मयाचा. म्हणून ह्या ठिकाणीं हॅझलिट आठवल्यावांचून राहत नाहीं. जॉन कॅव्हना नांवाचा एक आयरिश मनुष्य लंडनमध्यें भिंतीवर चेंडू मारण्याच्या खेळांत अजिंक्य समजला जाई. तो १८१९ सालीं वारला तेव्हां हॅझलिटनें त्याच्यावर मृत्युलेख लिहिला, आणि पुढें हिंदी जादूगारांवरील आपल्या प्रसिद्ध निबंधास तो जोडून दिला. मोठमोठ्या मुत्सद्द्यांच्या व कवींच्या कामगिरीशीं एका चेंडू मारणाऱ्याच्या कामगिरीची तुलना करण्यास तो कचरला नाहीं. उलट त्या तुलनेंत मुत्सद्द्यांचीच थोडी फजिती केली. पण त्या लेखांतील एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेंतून नेहमीं निसटते. कॅव्हनाचा धंदा घरें रंगविण्याचा होता. चेंडूचा राजा दिवसां शिडीवर चढून लोकांच्या भिंतींस रंग देई. भिंतीशीं त्याचें नातें असें दोन प्रकारचें होतें, आणि त्यांतल्या एकाच प्रकारानें त्याची चूल पेटत असे. आम्ही स्वतःही ह्याच जातीचे. मासिकाचे संपादक आमचे निबंध छापतात आणि एक अंक सप्रेम भेट पाठवितात. आमची चूल कॉलेजच्या पगारावर चालते. तेव्हां हौशी आणि धंदेवाईक ह्या भेदावर अधिकारवाणीनें बोलण्याचा आम्हांस जरा संकोच वाटतो.

दूरदेशीं पाहिलें तरी हीच सोंगटी दुसऱ्या रंगांत दिसते. साम्यवादी राजवटींत रुमानियांत धंदेवाईक खेळाडू असा शब्दच कागदावर नव्हता. बुखारेस्टचा स्टेआवा हा सैन्यदलाचा संघ. तेथला खेळाडू सैन्याच्या पटावर असावयाचा. म्हणजे मुंबईंत गिरणीनें जें केलें तेंच तेथें राज्यानें. ह्या स्टेआवानें ७ मे १९८६ रोजीं स्पेनमधील सेव्हिल येथें बार्सेलोनाच्या संघास हरवून युरोपचा करंडक जिंकला. सामना कोरा गेला, पेनल्टींवर निकाल लावावयाचा ठरला, आणि हेल्मुट डुकादाम नांवाच्या सत्तावीस वर्षांच्या गोलकीपरनें बार्सेलोनाच्या चारही पेनल्टी अडविल्या. युरोपच्या अंतिम सामन्यांत असें पूर्वीं कोणी केलें नव्हतें. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच्या उजव्या हातांत रक्ताची गुठळी झाली. हात वांचला, पण मोठ्या सामन्यांतील खेळ तेथेंच संपला. दोन-तीन वर्षांनीं तो आपल्या भागांतल्या आराद शहरीं रेल्वेचे डबे तयार करणाऱ्या कारखान्याच्या संघांतून पुन्हां थोडा खेळला. आणि मग सरहद्दीवरील पोलिसांत नोकरी धरून आपल्या सेमलाक गांवीं राहिला. २०२४ च्या डिसेंबरांत तो वारला. चार पेनल्टी अडविणारे हात पुढें सरहद्दीवर नोकरी करीत राहिले, ही हकीकत आमच्या विद्यार्थ्यास सांगितली तेव्हां तो बराच वेळ गप्प बसला, आणि मग म्हणाला, "म्हंजे नोकरी मिलाली त्याला."

त्याच देशाचा गेओर्गे हाजी ह्याचें नशीब निराळें. काळ्या समुद्रावरील कॉन्स्टान्ट्सा ह्या बंदराच्या मुलखांतला हा मुलगा. १९८९ च्या डिसेंबरांत तेथली राजवट कोसळली आणि पुढल्या वर्षीं तो माद्रिदला गेला. १९९४ च्या विश्वचषकांत रुमानियास त्यानें पहिल्या आठांत नेलें, २००१ सालीं खेळ सोडला, आणि २००९ सालीं आपल्याच मुलखांत, 'भविष्य' अशा अर्थाचें नांव देऊन, मुलांना शिकविणारा एक संघ काढला. त्या संघानें २०१७ सालीं देशाची लीग जिंकली. बंदराच्या मुलखांतल्या पोरानें मिळविलेलें पुन्हां बंदराच्या पोरांत पेरावें, हें आम्हांस फार आवडलें. पण असा हाजी पिढींत एक निघतो, आणि सल्ला मात्र बाकीच्या हजारांना द्यावयाचा असतो.

आमच्या ह्या न्हावा शेव्यास सल्ला देणें तर आणखी अवघड. येथें नोकरी ह्या शब्दास एक विशेष अर्थ आहे. १९८४ च्या जानेवारींत दि. बा. पाटलांच्या पाठीमागें शेतकरी रस्त्यावर उतरले, जासई आणि दास्तान फाट्यावर गोळीबार झाला, पांच माणसें गेलीं. तेव्हां कोठें विकसित जमिनीच्या साडेबारा टक्क्यांची गोष्ट निघाली. १९८९ च्या २६ मे रोजीं बंदर सुरू झालें. शेवा कोळीवाड्यांतील कुटुंबें त्यापूर्वींच उठवून दुसरीकडे बसविलीं गेलीं, आणि तेथल्या घरांना वाळवी लागल्याचें त्यांचें गाऱ्हाणें पुढें कित्येक वर्षें चाललें. जमीन गेली, खाडीची मासळी गेली. बदल्यांत काय, तर घरटीं एक नोकरी, असा हिशेब लोकांनीं मनाशीं धरला. तो पुरता कोणास मिळाला, कोणास नाहीं. म्हणून येथल्या बापास मुलाची नोकरी ही त्याच्या स्वतःच्या बापाच्या शेताची उरलेली किंमत वाटते. ती किंमत हातीं आली असतांना मुलगा चेंडूमागें धांवतो म्हणाला, तर बापानें काय म्हणावें? आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांस आम्ही भेटलों. चहा झाला. ते म्हणाले, "सर, तुम्ही शिकलेले. तुमचा पोरगा असता तर काय सांगितला असता?" आमच्या चिरंजीवांनीं कधीं चेंडूस लाथ मारलेली नाहीं, तेव्हां हा प्रश्न आमच्या घरीं उद्भवला नाहीं, एवढेंच आम्हीं सांगितलें, आणि पुढें नेव्हिलची गोष्ट त्यांनाही सांगितली. त्यांस ती पटली. अर्थात् त्यांतलें टाटांचें प्रकरण तेवढें.

अडचण अशी कीं तें टाटांचें प्रकरण आतां उरलेलें नाहीं. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे संघही. रोव्हर्स करंडक ह्या शतकाच्या आरंभीं बंद पडला. महिंद्रांच्या संघानें २००५-०६ सालीं राष्ट्रीय लीग जिंकली होती; २०१० सालीं तोही मोडण्यांत आला. २०१४ पासून पैसेवाल्या संघांची नवी लीग निघाली. तींत कांहीं जणांना मोठे पगार मिळाले, दूरचित्रवाणीवर झगमगाट झाला, आणि हौशीपणाचें जुनें सोंग सुटलें, हें चांगलेंच झालें. परंतु २०२५ च्या जुलैंत करारांचा पेंच पडून तीच लीग थांबविण्यांत आली, आणि कांहीं संघांनीं खेळाडूंचे पगार रोखून धरले. राष्ट्रीय संघांतून खेळलेल्या माणसांनाही आपल्या खेळाचें काय होणार, असें जाहीरपणें विचारावें लागलें. टाटांच्या कचेरींतल्या सेंटर-फॉरवर्डवर ती वेळ येती ना. त्याच्या खेळास पैसा नव्हता. पण पैसा नव्हता म्हणून तो थांबतही नव्हता.

हें सारें लिहितांना नेव्हिलचें शेवटचें प्रकरण राहूनच जाईल. अर्जुन पुरस्कार १९६१ सालीं सुरू झाले, आणि फुटबॉलमधला पहिला पी. के. बॅनर्जीस मिळाला. मेलबर्नच्या संघांत तोही होता, आणि त्याची योग्यता निर्विवाद होती. नेव्हिलला तो पुरस्कार मिळाला नाहीं. कोणताच मोठा सरकारी मान मिळाला नाहीं. कलकत्त्यांत जन्मता तर त्याच्या नांवाचा रस्ता झाला असता, असें आम्हांस नेहमीं वाटतें. तेथें फुटबॉलच्या माणसास मेल्यावरही गल्लींतलीं पोरें ओळखतात. मुंबईनें आपले पुतळे क्रिकेटसाठीं राखून ठेवले. नेव्हिल १६ मार्च १९८० रोजीं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं वारला. नोकरीच्या मानानें हें वय निवृत्तीचें नव्हे. खेळाच्या मानानें मात्र त्यास निवृत्त होऊन किती तरी वर्षें झालीं होतीं. खेळाडूस दोनदां निवृत्त व्हावें लागतें, एकदां मैदानावरून आणि एकदां टेबलावरून. नेव्हिलला दुसरी निवृत्ति मिळाली नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यानें नोकरी धरली आहे. मात्र ती धरतांना त्यानें रात्रपाळी मागून घेतली. ती दुसऱ्या कोणास नकोच होती. सकाळीं सुटल्यावर घरीं न जातां तो मोऱ्यास जातो. आतां शिवडीपर्यंत जवळजवळ बावीस किलोमीटरांचा अटल सेतु झाला आहे, पण त्यावर दुचाकीस मज्जाव आणि चारचाकी ह्याच्यापाशीं नाहीं. उरणाहून लोकल निघते, पण गाड्या बदलतां बदलतां सरावाची वेळ टळते. तेव्हां लाँच. तींतच तासभर झोंप काढून तो भाऊच्या धक्क्यास उतरतो, सराव करतो, आणि दुपारच्या लाँचनें परत येऊन पुन्हां झोंपतो. कॉलेजांतील हजेरीचें काय, हा प्रश्न आम्ही त्यास अजून विचारलेला नाहीं. परीक्षेपूर्वीं विचारावा लागेल. यार्डांतल्या त्याच्या साहेबास फुटबॉलचा नाद नाहीं, पण तो गोंव्याकडचा आहे, एवढी एक आशा आहे. पावसाळ्यांत लाँचचें भाडें वाढतें. तें वाढीव भाडें यंदा संघानें द्यावें कीं बापानें, ह्यावर सध्यां त्या घरांत बोलणें चाललें आहे.